डब्यात लसूण आणू नये

दारावर पाटी होती. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरं — 'डब्यात लसूण आणू नये.'

कामाच्या पहिल्या दिवशी मी ती वाचली आणि मनातल्या मनात हसले. श्रावण नुकताच लागला होता. म्हटलं, मालक चातुर्मास पाळत असणार. पाळू देत की! पण त्यांच्या चातुर्मासापायी सगळ्या कंपनीनं कांदा-लसूण सोडायचा म्हणजे काय? पगार मी कामाचा घेणार. माझ्या डब्यात काय असावं ते थेरगावात बसलेली माझी आई ठरवणार, चिंचवडातले साहेब नाही.

मी मुळातच जरा आगाऊ. त्यात नुकतीच बी.एस्सी. झालेली. पहिला दिवस ऑफिसात कागद भरण्यात गेला आणि दुसऱ्या दिवशी मी आईकडून मुद्दाम लसणाची चटणी करून घेतली. पाट्यावर वाटलेली, लालभडक, तेल सुटलेली... भाकरीच्या घडीत घालून डबा घट्ट लावला तरी वास पिशवीबाहेर येत होता. बसमध्ये शेजारी बसलेली बाई म्हणाली, "आई सुगरण दिसते हो तुमची."

हे १९८१ साल. आमची कंपनी रेडिओचे सुटे भाग बनवायची. पण मागच्या अंगणात, आंब्याच्या झाडाजवळ एक बैठी इमारत होती आणि त्या इमारतीत मालकांचं, म्हणजे अण्णासाहेबांचं वेड नांदत होतं. टेपरेकॉर्डरवर लुकलुकतो ना तो चिमुकला लाल दिवा, त्याच्या पोटातला स्फटिक तेव्हा परदेशातून यायचा. अण्णासाहेबांना तो इथे वाढवायचा होता. काचेच्या जाड नळीत एक चकती लाल होईपर्यंत तापवायची, तिच्यावरून गॅलियमची वाफ आणि आर्सेनिक, फॉस्फरसचे वायू सोडायचे, आणि त्या वायूंतून चकतीवर स्फटिकाचा थर बसू द्यायचा. थर असा पातळ की नखानं खरवडायला गेलं तर नखालाच कळू नये. माझी नेमणूक तिथे होती.

दुपारी बाहेरच्या खोलीत बसून मी डबा उघडला. नळ्या धुणाऱ्या इंदुताई दारातून आत येत होत्या. त्या थबकल्या. त्यांनी एकदा हवा हुंगली... आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"लसूण! लसूण आला! पळा!"

मला काही कळायच्या आत खोलीतली माणसं उठून पळाली. खुर्च्या पडल्या. अण्णासाहेब एका पायात चप्पल घालून माझ्यासमोरून आंब्याच्या झाडाकडे धावले. मग घंटा वाजायला लागली. मी हातात भाकरी धरून तशीच बसलेली! मला वाटलं, आता चातुर्मास मोडला म्हणून बहुतेक पोलीस येणार.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. उंच, सावळा, कपाळावर केस आलेला एक तरुण बाहेर आला. त्यानं रिकाम्या खुर्च्या पाहिल्या, खिडकीतून झाडाखालची गर्दी पाहिली, शेवटी माझा डबा पाहिला. आणि तो हसला. असा हसला, की मला रागावावं की हसावं ते समजेना.

"चटणी का?" त्यानं विचारलं. "आणा जरा इकडे. घंटा झाली की यंत्र बंद करावं लागतं. तुमच्यापायी माझं सकाळपासूनचं काम वाया गेलंय. निदान जेवण तरी चांगलं मिळू द्या."

आणि माझ्या भाकरीचा तुकडा मोडून, चटणी लावून, उभ्या उभ्या खाल्लासुद्धा! तिखट लागल्यावर डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरा तुकडा मोडला.

"तुम्ही नाही पळालात?" मी कसंबसं विचारलं.

"चटणीला भिऊन?" तो म्हणाला. "आतला वायू फार विषारी असतो, बाई. त्याचा वास हुबेहूब लसणासारखा. इथे लसणाचा वास आला की माणूस विचार करत नाही, पळतो. म्हणून ती पाटी."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. बाहेर अण्णासाहेब मला सगळ्यांदेखत झापायला लागले, तेव्हा तोच मध्ये पडला. "साहेब, चूक पाटीची आहे. आणू नये एवढंच लिहिलंय, का ते कुठे लिहिलंय?" दुसऱ्या दिवशी पाटीवर कारणाची ओळ आली. माझी नोकरी वाचली. त्याचं नाव चंद्रहास. तळेगाव दाभाड्याहून रोज लोकलनं यायचा. ते सगळं यंत्र त्यानं स्वतःच्या हातांनी जोडलं होतं.

त्याच्याच हाताखाली मी काम शिकले. कंपनीत सगळे मला 'ताई' म्हणत. हा तेवढा चुकूनही 'ताई' म्हणत नसे. मी जणू पन्नाशीची असल्यासारखं 'शालनबाई' म्हणायचा.

"शालनबाई, वायू सोडताना झाकण हळू फिरवा. घाई केली की थर खडबडीत होतो."

"आणि फारच हळू फिरवलं तर?"

"तर थर बसतच नाही. मग... वाट पाहत बसायचं."

"तुम्हाला सवय आहे वाटतं वाट पाहायची?"

"हल्ली लागलीय," तो म्हणायचा आणि डोळे पटकन घड्याळाकडे वळवायचा.

चकती तापली की नळीभर नारिंगी उजेड पडे. तो उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला की मी वहीत आकडे लिहायचे सोडून भलतीकडेच पाहत बसे. संध्याकाळी आम्ही चिंचवड स्टेशनपर्यंत बरोबर चालत जायचो. त्याला लोकल, मला थेरगावची बस. श्रावणातलं ऊन-पाऊस चालू असायचं. छत्री माझी, धरायचा तो. छत्री अशी धरायचा की मी कोरडी आणि त्याचा डावा खांदा भिजून चिंब. माझी बस आधी यायची, आणि मी ती सोडून द्यायची. "गर्दी आहे हो फार," मी म्हणायची. बस अर्धी रिकामी असायची. तो मान हलवायचा. "हो ना. फारच गर्दी..."

नवरात्रात एकदा मी अबोलीचा गजरा माळून गेले. दिवसभर तो काही बोलला नाही. स्टेशनच्या वाटेवर मात्र घसा खाकरून म्हणाला, "शालनबाई... एक सांगू? गजऱ्याचा वास फार छान येतोय."

मी लाजले. मान खाली घालून चार पावलं चालले... आणि थांबले. अबोली? अबोलीला कधी वास असतो का?

पहिल्यांदा वाटलं, भोळा आहे बिचारा, स्तुती करायची म्हणून काहीतरी बोलला. पण मग मला तो चटणीचा दिवस आठवला. सगळे आधी पळाले होते, घंटा नंतर वाजली होती. आणि हा माणूस घंटा ऐकून बाहेर आला होता. त्याला काही कळलं होतं ते माझा डबा बघून!

"तुम्हाला वास येत नाही," मी म्हणाले. विचारलं नाही, म्हणालेच.

तो छत्री मिटवत होता. मिटवतच राहिला.

"शाळेत असताना टायफॉइड झाला होता," तो म्हणाला. "तेव्हापासून. आधी मलाही समजलं नाही. करपलेलं दूध मी गुपचूप प्यायलो, तेव्हा आईच्या लक्षात आलं."

"पण मग अण्णासाहेबांनी तुम्हाला घेतलं कसं?"

"डोळे बांधून दोन बाटल्या हुंगायला दिल्या. एकीत लसणाची पाकळी होती. ती हलवल्यावर वाजली." तो ओशाळून हसला. "तुमची ती परीक्षा तिसऱ्या दिवशी होती. तुम्ही दुसऱ्याच दिवशी सगळ्या कंपनीची घेतलीत."

मला हसू आलं नाही. "हसता काय? एक दिवस जिवावर बेतेल."

"सांध्यांजवळ कागदाच्या पट्ट्या लावल्यात ना आपण. वायू सुटला की काळ्या पडतात."

"नाक त्याच्या कितीतरी आधी सांगतं."

"शालनबाई," त्याचा आवाज एकदम लहान झाला. "साहेबांना कळलं तर ते मला त्या दाराच्या आत पाऊल टाकू देणार नाहीत. ते यंत्र म्हणजे... मला दुसरं काही येत नाही हो. दुसरं काही आवडतही नाही." मग थांबून म्हणाला, "म्हणजे, आता एक आवडतं. पण ते बोलायची ही वेळ नव्हे."

अशा माणसाचं काय करावं? मी मूर्ख, विरघळले. म्हटलं, ठीक आहे. यंत्र चालू असेल तेव्हा मी तुमच्या शेजारून हलणार नाही. तुमचं नाक मी.

हिवाळा असाच गेला आणि खोटं कशाला बोलू, फार सुखात गेला. मी त्याला वास सांगायची. स्टेशनच्या वाटेवरच्या भट्टीत कोळसा पेटतो तेव्हा घशाशी येतं तसा... पेरूच्या गाडीजवळ गोड... ओल्या लोखंडाचा, जिभेवर नाणं ठेवल्यासारखा. तो डोळे मिटून ऐकायचा. "आणि तुमच्या ओढणीचा?" त्यानं एकदा विचारलं. "साबणाचा," मी फटकन म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले.

फाल्गुनात अण्णासाहेबांच्या भागीदारांनी निरोप धाडला. या वेडापायी पैसा फार गेला, येऊन पाहणार, दिवा पेटला नाही तर खोलीला टाळं लावणार. चंद्रहास दिवसच्या दिवस यंत्राला चिकटून बसला. पाहुणे यायला थोडे दिवस उरले असताना एका दुपारी मला ऑफिसातून बोलावणं आलं. थेरगावहून फोन होता. शेजारच्या दुकानातून भावानं केलेला, गाय व्यायली म्हणून! यंत्र चालू होतं. "जा तुम्ही," चंद्रहास म्हणाला, "लगेच तर येताय."

मी धावतच गेले आणि धावतच परत आले. दार उघडलं...

लसूण.

डबा कुणाचाच नव्हता. पाटीवर कारण लिहिल्यापासून कुणी लसणाचं नावही काढत नसे. आतल्या खोलीत तो नळीवर वाकून बसला होता. चेहऱ्यावर तोच नारिंगी उजेड.

"चंद्रहास! उठा! लसूण!"

"दोन मिनिटं," तो मागे न बघता म्हणाला. "थर बसतोय. आरशासारखा बसतोय, या, बघा..."

"वायू सुटलाय!"

"पट्टी पांढरीच आहे. दोनच मिनिटं, शालन..."

पहिल्यांदाच तो मला नुसतं शालन म्हणाला, आणि मला ते ऐकायलाही सवड नव्हती. मी श्वास धरला, वायूची मोठी कळ खाली ओढली, त्याची कॉलर पकडली आणि त्याला खुर्चीसकट मागे खेचलं. त्याच्या शर्टाचं बटण तुटून उडालं. दारातून बाहेर पडताना मी मागे वळून पाहिलं. पट्टी कडेनं काळी पडायला लागली होती.

झाडाखाली आल्यावर मी त्याला सोडलं, आणि मग रडायला लागले. सगळी कंपनी बघत होती, बघू दे. "मेला असतात तुम्ही," मी म्हणत होते. "माझ्या एका फोनपायी मेला असतात. मग मी काय करायचं होतं, सांगा ना!" तो नुसता उभा होता. तुटलेल्या बटणाच्या जागी त्याचा हात होता.

डॉक्टरांनी आम्हा दोघांचं रक्त तपासलं, दोन दिवस नजरेखाली ठेवलं. काही झालं नव्हतं. एका सांध्याचा वायसर झिजला होता, एवढंच. "दोघं वेळेवर बाहेर पडलात, शाबास!" म्हणून अण्णासाहेबांनी चंद्रहासची पाठ थोपटली. त्यानं ती थोपटून घेतली. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"साहेबांना आता तरी सांगा," मी स्टेशनच्या वाटेवर म्हणाले.

"पाहुणे येऊन जाऊ देत. थर हातातोंडाशी आलाय."

"मग तोवर मी तुमच्याशी बोलणार नाही."

"आणि... शेजारी?"

"शेजारी बसणार. हलणार नाही. पण बोलणारही नाही."

आणि नाहीच बोलले. यंत्र चालू झालं की मी त्याच्या खुर्चीशेजारी खुर्ची ओढायची, तोंड फिरवून बसायची आणि हवा हुंगत राहायची. तो एकदोनदा काहीतरी बोलला. मग त्यानंही सोडून दिलं. नुसता माझ्याकडे बघायचा. चकतीकडे पाहायच्या वेळी माझ्याकडे बघायचा. मला तो अबोला पेलवत नव्हता. घरी जेवण उतरत नव्हतं. आई म्हणाली, "पोरी, कुणी काय बोललं का?" मी म्हटलं, "कुणी बोलत नाही, तेच."

पाहुणे आले. अण्णासाहेबांनी खोलीतला दिवा मालवला. चंद्रहासनं थर बसलेली चकती टेबलावर ठेवली आणि तारांच्या दोन सुया तिच्यावर हलकेच टेकवल्या. क्षणभर काहीच नाही... आणि मग सुईच्या टोकाशी एक लाल ठिपका उजळला. मेंदीची पहिली छटा असते तसा. कुणीतरी "अरे वा!" म्हणालं. इंदुताईंनी पदर डोळ्यांना लावला. भागीदार टाळ्या वाजवायला लागले.

"मोठं यंत्र घेऊ आता!" अण्णासाहेब जवळजवळ ओरडलेच. "आणि त्याचा मुख्य कोण, तर हा आमचा चंद्रहास!"

त्यानं सुया खाली ठेवल्या. लाल ठिपका विझला. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, मला वास येत नाही," तो म्हणाला. "लहानपणापासून. मी तुमच्यापासून लपवलं. त्या दिवशी मी वेळेवर बाहेर पडलो नाही. शालनबाईंनी मला ओढून काढलं."

अण्णासाहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. ते ओरडले नाहीत, आणि तेच जास्त वाईट होतं. "किल्ली," ते म्हणाले. त्यानं खिशातून आतल्या खोलीची किल्ली काढून दिली. "नोकरी राहील. मोजमापाच्या टेबलावर बस. पण या दाराच्या आत तू परत दिसता कामा नयेस." आणि ती किल्ली त्यांनी माझ्यासमोर धरली. "तुम्ही. इंदुताईंना बरोबर घ्या."

मी म्हणत होते तेच झालं होतं. तरी ती किल्ली मी त्याच्याकडे न बघता घेतली.

संध्याकाळी तो फाटकाशी उभा होता. "आता बोलाल?"

"वाईट वाटतंय का?" मी विचारलं.

"खूप," तो म्हणाला. खोटं बोलला नाही, ते बरं केलं. आम्ही चालायला लागलो. "मी स्वतःसाठी नसतं सांगितलं, शालन. मला वाटायचं, जीव माझा आहे, गेला तर माझा जाईल. पण तू रोज येऊन शेजारी बसायचीस. तोंड फिरवून, न बोलता. वायू सुटला असता तर आधी तुझ्या छातीत गेला असता. मी तिकडे थर बघत होतो आणि तू माझ्यासाठी विष हुंगायला बसली होतीस. ते मला बघवेना."

माझी बस आली. अर्धी रिकामी होती. "गर्दी आहे," मी म्हणाले. तो हसला, कितीतरी दिवसांनी.

चैत्रात तो त्याच्या आईला, सुभद्राबाईंना घेऊन आमच्या घरी थेरगावला आला. ओसरीवर बैठक. माझे वडील सोपानराव, चार भाऊबंद. पोहे झाले, चहा झाला. वडिलांनी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "एक गोष्ट आधी सांगतो. माझ्यात एक खोट आहे. मला वास येत नाही."

सुभद्राबाईंनी कपाळाला हात लावला. वडील विचारात पडले.

"अजाबात न्हाई?"

"नाही."

"शेनाचा बी?"

"नाही."

"मंग चांगलंच हाय की," वडील मिशीतल्या मिशीत हसले. "आमच्या गोठ्यात नाक धरूनच काम करत्यात समदी. ह्यो गडी लई उपयोगी पडंल."

सगळे हसले. आम्हाला अंगणात चार शब्द बोलायला मोकळं सोडलं. त्यानं खिशातून केळीच्या पानाची पुडी काढली. उघडली, तर मोगऱ्याचा गजरा.

"फुलवालीला विचारलं, सगळ्यात जास्त वास कशाला? तिनं हा दिला."

"पण तुम्हाला काय उपयोग त्याचा?"

"मला नाही गं," तो म्हणाला. "तुला येतो ना. मला तू सांग." मग जमिनीकडे बघत, अडखळत, "रोज सांगशील? जन्मभर? माझं तुझ्यावर फार... म्हणजे, तुला ठाऊकच आहे."

"ठाऊक आहे," मी म्हणाले. "माझंही आहे. चटणी खाल्लीत त्या दिवसापासून."

मी गजरा नाकाशी नेला, डोळे मिटले, मोगऱ्याला शब्द शोधायला लागले...

लसूण!

माझ्या पायांनी मला विचारलंच नाही. गजरा एका हातात, दुसऱ्या हातात त्याचं मनगट, आणि मी पळत सुटले. तुळस, अंगण, गोठा ओलांडून, ओसरीवरच्या सगळ्या बैठकीदेखत थेट फाटकाबाहेर. चिंचेखाली पोचले तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आत आई पाहुण्यांसाठी पाट्यावर चटणी वाटत होती.

ओसरीवर सगळे उभे राहून आमच्याकडे बघत होते. सुभद्राबाईंच्या हातातली बशी तशीच हातात. मला वाटलं, झालं, मोडलं लग्न. मी त्याच्याकडे वळले. तो धापा टाकत होता, कपाळावर केस आले होते, आणि तो हसत होता. काय झालं, कशाला पळालो, एका शब्दानंही त्यानं विचारलं नव्हतं. या वेळी तो 'दोन मिनिटं' म्हणाला नव्हता.

"आता इचारायचं काय ऱ्हायलं?" ओसरीवरून वडिलांचा आवाज आला. "तारीख काढा."

मी त्याचं मनगट सोडलं नाही.